शब्द हवा आहे: 'वाहून घेतलं' नको, 'करिअर' नको, मग काय?

नौपाडा
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या शाळेतल्या (विशेष मुलांची शाळा) एक बाई महिनाअखेरीस निवृत्त होतायत आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलंय. बाईंच्या थोरल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) होती, तो लहानपणीच गेला. मग त्यांनी बँकेतली नोकरी सोडली, विशेष शिक्षणाचं डी.एड. केलं आणि शिकवायला लागल्या. हे सगळं एका वाक्यात बसवायचंय. माझा खर्डा असा: 'स्वतःच्या दुःखाचं सोनं करून आपण दिव्यांगांच्या सेवेला वाहून घेतलंत.' तो बाईंच्या नजरेस पडला. म्हणाल्या, 'वाहून बिहून काही घेतलं नाही गं मी. पगार घेतला.' आता काय लिहू? 'करिअर' मानपत्रात बरं दिसत नाही.

कळवा नाका
'सोनं' आधी काढा. मराठीत सोनं संधीचं होतं, आयुष्याचं होतं. दुःखाचं सोनं म्हटलं की कुणीतरी ते मोडीत घालून आल्यासारखं वाटतं. शिवाय शेजारीच 'दुःखाचं भांडवल करणे' बसलेलं आहे आणि तो तर सरळसरळ आरोप आहे.

'वाहणे' हे देवाला फूल वाहण्यातलं. वाहिलेलं परत घेत नाहीत, त्याचा मोबदलाही मागत नाहीत. त्यामुळे बाईंचा आक्षेप अर्थाच्या अंगाने अगदी बरोबर आहे.

'वसा' बघा जमतो का. श्रावणातल्या कहाण्यांत उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही, अशी अट असते. पण त्याबदल्यात फळ मिळतं, तेही कहाणी 'सुफळ संपूर्ण' व्हायच्या आत. म्हणजे वशात देणंघेणं आहे, वाहण्यात नाही.

घोडबंदर
व्रतस्थ. विषय संपला.

खारघर
नाही संपला. मी याच क्षेत्रात आहे, धाकट्या बहिणीमुळे आले, आणि 'व्रतस्थ' ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आमचं काम भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली येतं. परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय हे काम करता येत नाही, केलंत तर शिक्षेची तरतूद आहे. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी कार्यशाळा करून गुण जमवावे लागतात. व्रताला कुठे नोंदणी क्रमांक असतो?

काम काय असतं ते सांगते, म्हणजे शब्द शोधायला बरं पडेल. शर्टाचं बटण घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बटण लावायला शिकवताना आपण सुरुवात शेवटाकडून करतो. बटण चिमटीत धरणं, काज शोधणं, बटण आडवं करून आत सारणं हे सगळं बाई करतात. काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण पलीकडून ओढायचं, एवढंच मुलाचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून 'बटण मी लावलं' असं त्याला म्हणता येतं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे द्यायची. सुरुवातीला बटण मोठं, काज ढिलं आणि शर्ट टेबलावर पसरलेला. अंगातल्या शर्टापर्यंत यायला कधी कधी अख्खी टर्म जाते. यात माया लागते हे खरं, पण नुसत्या मायेने बटण लागत नाही. घरी आईने वर्षानुवर्षं मायेनेच लावून दिलेलं असतं.

आणि एक. 'सेवा' म्हटलं की पुढे 'मानधन' आलंच. त्या शब्दात मान आधी येतो आणि धन पुढच्या आर्थिक वर्षात.

कळवा नाका
मग 'व्यवसाय' म्हणा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ निश्चय, उद्योग असा आहे. चांगला शब्द आहे.

वाशी
'व्यवसाय' नको हो. आमच्या मुलाला पालिकेच्या ईटीसी केंद्रात (विशेष मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र) न्यायचे, तेव्हा फॉर्मवर 'व्यवसायोपचार' वाचून ह्यांनी विचारलं होतं, चार वर्षांच्या पोराला कसला धंदा शिकवणार? ऑक्युपेशनल थेरपीचा तो मराठी अवतार. बोलताना आम्ही सगळ्या आया 'ओटी' म्हणतो, त्याची आणखी गंमत. 'आज ओटी आहे' म्हटलं की सासूबाई विचारायच्या, 'कोणाची?' आणि तांदूळ-खणाच्या तयारीला लागायच्या.

खारघर
ह्याच चालीवर 'पुनर्वसन'. नवी मुंबईत हा शब्द जमिनीचा आहे. सिडको १९७० साली शहर वसवायला आली तेव्हापासून इथल्या गावांत पुनर्वसन म्हणजे प्रकल्पग्रस्त, आणि पुढे साडेबारा टक्के (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा प्लॉट). एका लग्नात मी सांगितलं, 'पुनर्वसन क्षेत्रात काम करते', तर शेजारच्या काकांनी त्यांच्या प्लॉटची फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय ते मला जेवण होईस्तोवर सांगितलं.

ऐरोली
पाय गेलेल्या माणसाचंही ऐका थोडं. मराठीत 'जाणे' हे क्रियापद सगळीकडे चालतं. आजोबा गेले, नोकरी गेली, लाइट गेले, पाय गेला. उलट अपंगत्व 'येतं'. रुळांवर माझा पाय गेला आणि अपंगत्व आलं. एक जाणं, एक येणं, मधे मी कुठेच नाही. त्या वाक्यात मी शिरतो ते थेट पुढच्या क्रियापदाला: शिकलो. म्हणून माझी सूचना अशी की नामाच्या मागे लागू नका, बाईंनी काय काय केलं ती क्रियापदं लिहा. सोडली, शिकल्या, शिकवलं.

मी आता पाय बनवतो. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत (ही १९५५ पासूनची, जमिनीची नव्हे) प्रोस्थेटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव बनवणं, शिकलो. वर्कशॉपात कुणी 'कृत्रिम अवयव' म्हणत नाही, 'पाय'च म्हणतात. 'पाय काढा, खुर्चीवर ठेवा, बसा.' उरलेल्या भागाला 'स्टंप'. 'थोटा' वगैरे मराठी शब्द आहेत, पण समोर बसलेल्या बाईंना तो शब्द वापरायची माझी छाती नाही.

स्टंपवर पीओपीची ओली पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, साच्यात पीओपी ओतून स्टंपची प्रतिकृती काढायची. खरं काम त्यापुढे. जिथे हाड वर आलंय तिथे प्लास्टर चढवून जागा ठेवायची, म्हणजे सॉकेट (स्टंप ज्यात बसतो ती खोबण) टोचणार नाही. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे भार घेता येतो, तिथे कानशीने घासून खोलगट करायचं. जयपूर फूटच्या पद्धतीत मग एचडीपीईचा (कडक प्लास्टिकचा) पाइप तापवून त्यावर ओढतात. घासण्यात थोडा जरी फरक पडला तरी माणूस आठवड्याने सोललेली कातडी घेऊन परत येतो.

पहिल्यांदा आलेला एखादा हळूच विचारतो, 'नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज येते, डोकं फिरलंय का माझं?' मी पँट वर करून त्याला माझा पाय दाखवतो आणि सांगतो, मलाही येते. माझा अपघात कामाला येतो तो इथे, तेवढाच. बाकी दिवसभर कानस.

घोडबंदर
बरं, 'व्रतस्थ' मागे. लुई ब्रेलही ज्या अंधशाळेत शिकला तिथेच पुढे शिक्षक झाला. त्याला आपण लिपीसाठी ओळखतो, मास्तर म्हणून कुणी आठवत नाही.

नेरूळ
इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय असं वाटतं. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. पण त्यांचा पेशा प्राध्यापकाचाच राहिला, हे पेशाबाहेरचं 'कार्य'. उलट मिठू अलूर यांनी मुलगी मालिनीला सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९७२ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. त्यांचा तो पेशाच झाला. मराठीत आपण दोघांनाही 'समाजसेवक' म्हणून मोकळे होतो. मानपत्रवाल्या बाई दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

वाणींच्या संस्थेत आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आणखी दोन छान शब्द ऐकू येतात: आजार असलेला तो 'शुभार्थी', त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर'. रुग्ण, पेशंट हे शब्द टाळता येतात.

कळवा नाका
शुभंकर म्हणजे खेळांच्या स्पर्धेतला तो मोठ्या डोक्याचा बाहुला ना? वर्तमानपत्रांत मॅस्कॉटला हाच शब्द आहे.

नेरूळ
आहे खरा. पण संदर्भावरून कळतं. 'पालक' म्हटल्यावर आपण पालकाची जुडी समजतो का?

वाशी
'पालक' काढलात म्हणून लिहिते. आई म्हणून मला सर्वांत जड गेलेला शब्द तोच. मुलगा १८ पूर्ण झाला आणि कायद्याने मी त्याची पालक उरले नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे, मी माझ्याच मुलाचं 'पालकत्व मिळण्याबाबत' अर्ज केला. त्या कायद्याच्या नावात इंग्रजीत अजूनही 'मेंटल रिटार्डेशन' आहे, म्हणजे आपलं 'मतिमंद'. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तोच मुलगा बौद्धिक दिव्यांग. एकाच फाइलमध्ये मुलाला दोन नावं. बोलताना आम्ही त्याला त्याच्या नावानेच हाक मारतो, हे सांगायला नको.

बाकी मी स्वतः आता एका केंद्रात नवीन पालकांना फॉर्म भरायला मदत करते, पगारी. कुणी 'काय करता?' विचारलं तर 'कामाला जाते' म्हणते.

घोडबंदर
'दिव्यांग' ठेवायचा की नाही?

ऐरोली
सरकारी कागद असेल तर ठेवा. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सुचवला आणि मग सगळीकडे गेला. आपल्या राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच आहे. लोकलच्या डब्यालाही आता दिव्यांग म्हणतात, कागदावर. ठाणे स्टेशनात विचाराल तर 'हँडिकॅपचा डबा कुठे येतो' असंच विचाराल. मला स्वतःला 'अपंग' चालतो, 'दिव्य'ने अवघडल्यासारखं होतं. माझ्या ओळखीतल्या काहींना 'दिव्यांग'च आवडतो, कारण 'अपंग'मध्ये त्यांना शाळेतली हाक ऐकू येते. ज्याचं त्याला विचारावं. मानपत्रात 'मुलं' म्हणून भागत असेल तर दोन्ही टाळा.

नौपाडा
सगळ्यांचं वाचून नवा खर्डा: 'पुत्रवियोगानंतर आपण बँकेतली नोकरी सोडलीत, विशेष शिक्षणाची पदविका घेतलीत आणि मुलांना शिकवणं हाच पेशा पत्करलात.'

कळवा नाका
'पेशा' उत्तम. फारसी आहे, पण मराठीत शिक्षकी पेशा, वकिली पेशा असा मानाने नांदतो. 'धंदा'सारखा कुचकट अर्थ त्याला चिकटलेला नाही. 'पत्करलात'ला मात्र किंचित नाइलाजाचा वास आहे. दुसरा पर्याय नसला की माणूस पत्करतो. 'निवडलात' घ्या.

ऐरोली
आणि 'पुत्रवियोग' दशरथाला राहू द्या. 'मुलगा गेल्यावर' लिहा.

खारघर
'पदविका'च्या जागी 'विशेष शिक्षणातील डी.एड.' असंच लिहा. पदविका म्हटलं की सभागृहातल्या निम्म्या लोकांना वाटतं एखादा तीन महिन्यांचा कोर्स असेल. दोन वर्षांचा असतो. बाईंना ते आवडेल.

नौपाडा
तिन्ही बदल केले. मुख्याध्यापिकांना 'पगार' हा शब्दही कुठेतरी यावा असं वाटतंय, पण ट्रस्टी पहिल्या रांगेत बसणार आहेत.

कळंबोली
विषयांतराबद्दल माफी. वाशीताई, माझी मुलगी येत्या वर्षात १८ पूर्ण करतेय. तो पालकत्वाचा अर्ज ठाण्यालाच करायचा का?

वाशी
नाही दादा. नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हे दोन आहेत. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. तुमचं कळंबोली, खारघर, पनवेल रायगडात. तुमची समिती रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे अलिबाग. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर ते आधी काढून घ्या, त्याला वेळ लागतो. आणि अर्जावर 'पालक' आणि 'अर्जदार' असे दोन रकाने दिसले तर घाबरू नका, दोन्हीकडे तुमचंच नाव.