प्रतिसाद : शास्त्रज्ञांची नाणी आणि रिठ्याचे पाणी

होमी भाभांच्या जन्मशताब्दीचे शंभर रुपयांचे नाणे चांदीचे समजून घ्यावे का, असे वर विचारले आहे. त्या नाण्यात चांदी निम्मीच असते. उरलेल्यात 40 टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी 5 टक्के. 35 ग्रॅम वजनात चांदी साडेसतरा ग्रॅम भरते, म्हणून त्याची किंमत सराफाच्या तागडीवर ठरवू नये. आइन्स्टाइनवरील 2005 सालचे जर्मन दहा युरोचे नाणे मात्र 925 शुद्धतेचे (हजारात 925 भाग चांदी) असून त्याचे वजन 18 ग्रॅम आहे. केवळ चांदीच हवी असेल तर ते अधिक सरळ.

माझी चूक सांगतो. भाभांचे नाणे काळवंडले म्हणून मी ते बेळगावच्या शहापुरातील एका सराफी दुकानात दाखवले, आणि तिथल्या कारागिराने पैंजण उजळावेत तसे ते रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून दिले. नाणे चमकले खरे, पण भाभांच्या चेहऱ्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटले आणि टांकसाळीची मूळ झळाळी कायमची गेली. काळा थर हा बहुधा चांदीवर गंधकाच्या संयोगाने बसतो. संग्राहक त्याला दोष मानतातच असे नाही.

आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर नाणी पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात मुळीच ठेवू नयेत, रबरबँडही लावू नये (त्यात गंधक असते). हवाबंद डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घालावी आणि नाणे नेहमी कडेला धरून उचलावे.