बाराखडी तोंडपाठ पण वाचताच येत नाही, पहिलीतल्या मुलाला शिकवायचं कसं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, माझा मुलगा यंदा पहिलीत गेलाय, मराठी माध्यम. क ते ज्ञ घडाघडा म्हणतो, बाराखडी पण अगदी चालीत, पाहुणे आले की सासूबाई मुद्दाम म्हणायला लावतात. पण पुस्तकातलं वाच म्हटलं की गाडी अडलीच. काल 'नळ' दाखवला तर म्हणे "न नळाचा, ळ बाळाचा". म्हटलं शाब्बास, आता दोन्ही मिळून काय झालं? तर म्हणतो "नळाचा बाळाचा" 😀 हसावं की रडावं कळेना. मधलंच एखादं अक्षर विचारलं, समजा द, तर तक्त्यावर पहिल्यापासून बोट फिरवत ट ठ ड ढ करत तिथे पोचतो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या येईल हळूहळू, घरी सराव घ्या. आता सराव म्हणजे नक्की काय घ्यायचं? अंकलिपी तर रोज चालूच आहे. शेजारच्या काकू म्हणतात ट्यूशन लाव. पहिलीला ट्यूशन???

पाटीपेन्सिल
ताई, ट्यूशन अजिबात नको. पालघरकडे झेडपीत बरीच वर्षं पहिली-दुसरीच शिकवली, आता रिटायर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमच्या मुलाला क्रम येतोय, अक्षरं अजून येत नाहीयेत. तक्ता त्याच्यासाठी गाणं आहे. क ख ग घ ङ हा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलाय, कंठापासून निघून ओठांपर्यंत, शास्त्र म्हणून फारच सुंदर, पण वाचायला शिकणाऱ्या पोराला त्याचा उपयोग शून्य. पहिल्याच ओळीत ङ, आता त्याचा शब्द काय सांगणार? जुने मास्तर गमभन पासून सुरू करायचे ते उगाच नाही, ग म भ न ची वळणं जवळजवळची म्हणून हात लवकर बसतो. पण तो झाला लिहिण्याचा हिशोब.

वाचनासाठी असं करा. म न क ल र एवढीच अक्षरं घ्या आणि लगेच काना द्या, सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. एवढ्यात मामा, काका, मका, नाक, कान, माल, लाल, कार इतके शब्द होतात. 'लाल कार' स्वतः वाचली आणि खाली तिचं चित्र काढलं की पोराला पहिल्यांदा कळतं की अरे ह्या रेघोट्यांतून काहीतरी निघतं! तोपर्यंत त्याला वाटत असतं की वाचणं म्हणजे म्हणून दाखवणं.

आता नळ वर का अडला ते सांगतो. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. मूल मात्र 'न' 'ळ' दोन्ही पूर्ण म्हणतं, मग त्यातून ओळखीचा नळ ऐकूच येत नाही त्याला. म्हणून आधी शेवटी काना असलेले शब्द द्या, मामा काका मका मध्ये जे म्हटलं तेच ऐकू येतं. ते जमलं की कान, नाक. आणि 'न नळाचा' काही दिवस बंदच करा, नुसतं न म्हणायचं, ते गणपती, बाळ, बाण असे शब्द मधे आले की घोटाळा.

कुठवर आलाय ते बघायचं असेल तर 'प्रथम' नावाच्या संस्थेचा, मुलांना वाचता येतं का ते बघणारा असर सर्वे आहे ना, २००५ पासून चालू आहे, त्यात मुलांना अक्षरं क्रमाने विचारतच नाहीत. उलटसुलट छापलेली असतात, त्यातली कुठलीही पाच वाचायची, चार बरोबर आली तर अक्षरं येतात असं धरतात. मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी एका कागदावर करता येतं, फक्त परीक्षा आहे असं त्याला सांगू नका.

सातारी_कंदी
काका तुमचा अनुभव मान्य पण आमची अख्खी पिढी बाराखडी घोकूनच वाचायला लागली की. पाढे पण तसेच. आता सगळ्यालाच घोकंपट्टी म्हणून नावं ठेवायची फॅशन आलीय

पाटीपेन्सिल
बाराखडी सोडा असं म्हटलंच नाही हो. फक्त आडवी नको, उभी घ्या. क का कि की न म्हणता का मा ना ला रा, मग की मी नी ली री. म्हणजे खूण एकच राहते, अक्षर बदलतं, आणि मुलाला कळतं की काना कुठेही गेला तरी आवाज तोच देतो. आडवी म्हणताना पोरं बघतसुद्धा नाहीत, चालीवर पुढे जातात. आणि तुमच्या पिढीतली किती जणं पहिलीतच गळली ते पण मोजा की राव.

सातारी_कंदी
हा मुद्दा बरोबर 🙏

जर्सीची_गाय
इकडे अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे थोडं माझंही. आमच्या मुलांना इंग्रजीची सवय, डावीकडून दिसेल तसं वाचत जायचं, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटीला हमखास अडखळतात. 'दिवा' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार द च्या नंतर. मी वेलांटी आणि अक्षर मिळून एकच चौकट करून देते. दुसरं म्हणजे ख. तो 'रव' वाचला जातो, 'खडू' चा 'रवडू' होतो. आणि मोबाईलवर शिकवत असाल तर फॉन्ट बघा हं, बऱ्याच ॲपमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मराठी वळण कुठलं ते शासनाने २००९ च्या जीआरमध्ये ठरवून दिलंय, ॲ आणि ऑ पण तेव्हाच वर्णमालेत घेतले. पुस्तकात एक ल आणि टॅबवर दुसरा, मुलाने काय समजायचं!

गोदाकाठची
बाप रे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. काकांचा कागद लगेच करून बघितला. म, क, र पटकन सांगितली पण घ आणि ध मध्ये गडबड, भ आणि म मध्ये पण. आणि मामा वाचला!! त्यालाच इतकं आश्चर्य वाटलं की फोन करून मामाला सांगितलं. आता जोडाक्षरं कधी सुरू करू? आणि लिहून घेऊ का रोज पानभर?

पाटीपेन्सिल
पानभर नको, बोटं दुखतात आणि वाचनाचाच राग येतो. घ-ध, भ-म ह्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झालं, त्याचे शब्द वाचून झाले की मगच दुसरं. वळण हाताला कळायला हवं असेल तर चिंचोके किंवा मणी मांडून अक्षर करायला लावा. आमच्या बाजूला बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या, तिथे महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती म्हणून शिंपले, बिया, पानं असलंच सामान वापरलं, आणि आदिवासी पाड्यावरची मुलं त्यावर शिकली.

जोडाक्षरांची घाई नको. काना, वेलांट्या, उकार, मात्रा सगळ्या खुणा सहज वाचायला लागला की मग, तेही आधी 'पक्का', 'अम्मा' असली द्वित्तं, म्हणजे तेच अक्षर दोनदा, कारण अर्धं अक्षर सरळ दिसतं. र ला सगळ्यात शेवटी ठेवा. सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या, चार ठिकाणी चार रूपं, मोठी माणसं पण रफार कुठे द्यायचा ते चुकतात.

तळ्यात_मळ्यात
एक राहिलं ताई, डोळे एकदा तपासून घ्या. भाचीचं असंच चाललं होतं, सगळे म्हणायचे लक्ष नाही लक्ष नाही, निघाला नंबर.