जुनी वाइन सकाळीच डिकँटरमध्ये ओतायची? अजिबात नको

उभी बाटली: काल इथे सल्ला वाचला: 'तीस वर्षांची रेड असेल तर सकाळीच डिकँटरमध्ये (रुंद काचेच्या सुरईत) ओता, संध्याकाळपर्यंत मस्त खुलते.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. तरुण वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, हवेनं मऊ होतं, हे मान्य. पण जुन्या बाटलीत टॅनिन आणि रंग एकमेकांना धरून केव्हाच तळाला बसलेले असतात. वर उरतो तो नाजूक वास, आणि तोच हवेत उडून जातो. मुलीच्या जन्मसालाची बोर्दो (फ्रान्सची रेड वाइन) मी वीस वर्षं जपली होती. उघडल्यावर पहिल्या घोटाला वाळलेला गुलाब, तंबाखू. यजमानांनी हौसेनं ती तीन तास डिकँटरमध्ये ठेवली. जेवायला बसलो तेव्हा नुसतं आंबट पाणी. मुलीला काय सांगायचं? बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो हेच सांगत: गाळ असेल तरच डिकँट करा, तेही वाढायच्या अगदी आधी.

पोर्टप्रेमी: एका बाटलीवरून सगळ्यांना नियम लावू नका. पोर्तुगालची गोड, कडक व्हिंटेज पोर्ट तासन्‌तास टिकते. इटलीची जुनी बारोलो उघडल्या उघडल्या कित्येकदा तोंडच उघडत नाही, वासच येत नाही. जुन्या वाइनचे फ्रेंच संग्राहक फ्रान्स्वा ओदूझ यांनी शेकड्यांनी जुन्या बाटल्या उघडल्यात, आणि ते चार-पाच तास आधी बूच काढतात.

उभी बाटली: बूच काढतात, ओतत नाहीत! मानेत हवेला भिडणारा भाग नाण्याएवढा. डिकँटरमध्ये तो तळहाताहून मोठा. दोन्ही एकच कसं?

मुरलेला: तुम्ही तासांवर भांडताय, पण बुचाचं कोणी बोलतच नाही. चाळीस वर्षांचं बूच साध्या स्क्रूनं काढायला गेलं की मधोमध तुटतं, निम्मं आत. दोन पात्यांचा आह-सो घ्या, डोलवत डोलवत खाली सरकवा, मग पिळत वर ओढा.

पोर्टप्रेमी: आणि बूच सैल असेल तर तोच आह-सो ते आत ढकलतो. माझ्या हातून दोन बाटल्यांत झालंय. स्क्रू आणि पाती एकत्र असलेलं ड्युरँड घ्या.

मुरलेला: हात स्थिर नसेल तर अवजाराला दोष देऊ नका.

पोर्टप्रेमी: माझे हात तुम्ही पाहिलेत कधी? पोर्टचं बूच अगदीच गेलं असेल तर मी तापवून लाल केलेला चिमटा मानेला लावतो, मग ओला गार कपडा. काच सरळ तुटते, बुचाला हात लावावाच लागत नाही. हे करून पाहा, मग हातांवर बोला.

तळाचा घोट: भांडा, पण कॉफीच्या कागदातून गाळू नका, एवढंच सांगते. कागदाची चव उतरते. मी एकदा पाहुण्यांपुढे तसं केलं, पहिल्या ग्लासालाच पुठ्ठा लागला. आधी वाटलं बुरशीचं बूच, म्हणजे ट्रायक्लोरोअॅनिसोल या रसायनाचा वास. मग उरलेला तळ न गाळता चाखला, तर स्वच्छ! बुचाचे तुकडे बारीक स्टीलच्या गाळणीत अडकतात. आणि गाळणीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा. आडव्या फडताळातून काढून लगेच ओतली तर गाळ सगळीकडे पसरतो, मग कोणतंच अवजार उपयोगाचं नाही.

मुरलेला: कागदाचं पटलं. चिमट्याचं... ठीक आहे, हाताबद्दल बोलायला नको होतं. पण आह-सो मी सोडणार नाही.

पोर्टप्रेमी: नका सोडू. मूळ मुद्द्यावर: सकाळी ओतणं चूक, हे मीही म्हणतो. पण 'जुनी म्हणजे लगेच प्या' हेही आंधळेपणाचंच. आधी घोटभर चाखा. बंद वाटली तर थांबा, खुली वाटली तर लगेच वाढा.

उभी बाटली: चाखून ठरवा, हे मान्य करावं लागेल. माझ्या यजमानांनी पहिल्या घोटावर थांबायला हवं होतं. मुलीच्या सालाची दुसरी बाटली काल उभी करून ठेवलीय. गळ्यापाशी दिवा धरून ओतेन, गाळ खांद्याशी आला की थांबेन. डिकँटरमधून सरळ ग्लासात.