पहिली कथा लिहितेय, पण गिरणीवाला जागचा हलत नाही

पहिली_ओळ:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिच्यावरून कथा सुचली. इमारत पुनर्विकासाला जाणार आणि नव्या इमारतीत गिरणीला गाळा नाही. पट्ट्याचा आवाज, भुवयांवरचं पीठ, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं लिहून झालं. बहिणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "छान आहे, पण पुढे काय?" कथानक उभं कसं करायचं?

जुनी_वही:
बहिणीने नेमकं बोट ठेवलंय. एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांचं पहिलं वाचन मी करते. परत जाणाऱ्या कथांत हेच फार दिसतं: परिस्थिती असते, गोष्ट नसते. गिरणी बंद होणार ही झाली बातमी. गिरणीवाल्याला काय हवंय? 'परंपरा टिकावी' असलं मोघम नको. गाळा सोडायच्या आत दगडांना टाकी लावून (झिजलेल्या दगडांवर छिन्नीने पुन्हा टवके पाडून) गिरणी चालू स्थितीत विकायची, हे चालेल. आता त्याच्या आड कोणाला तरी आणा. मुलगा म्हणतो, भंगारात घाला आणि किल्ली देऊन मोकळे व्हा. झालं, आता त्याला हातपाय हलवावेच लागतील.

संस्कृत नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था आहेत: आरंभ (काहीतरी हवंसं वाटणं), यत्न (त्यासाठी खटपट), प्राप्त्याशा (मिळेलशी आशा), नियताप्ती (मिळणार हे नक्की होणं), फलागम (फळ हाती येणं). सांगितल्यात नाटकासाठी, पण कथा कुठे अडली ते शोधायला मला त्यांचा फार उपयोग होतो. तुमची पानं अजून आरंभाच्या अलीकडेच आहेत. गिऱ्हाईक मिळेलसं वाटायला लागलं की प्राप्त्याशा आली, आणि वाचक तिथेच गुंततो.

वर्णन काढू नका, कामाला लावा. आत बाजरी चालू आहे आणि एक बाई गव्हाचा डबा घेऊन येते. तो म्हणतो, "तासाभराने या, गव्हावर गहू टाकतो." माणूस सचोटीचा आहे हे वेगळं लिहायची गरजच उरली नाही. शेवटच्या दिवशी त्यानेच न बोलता बाजरीवर गहू टाकला, तर तो आतून किती खचलाय तेही कळेल.

आडवाटेने:
बाजरीवर गहू! फारच आवडलं. माझी भर एवढीच की सांगतंय कोण ते आधी ठरवा. मुलगा 'मी' म्हणून सांगणार असेल, तर बापाच्या मनातलं थेट लिहिता येणार नाही, फक्त हातातून, बोलण्यातून दाखवावं लागेल. नवख्याला ही अडचण फायद्याची पडते. मात्र पाच अवस्था आधी आखून लिहिणं मला जमत नाही. मी दोघांना भांडायला लावतो आणि मागाहून कापतो. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

जुनी_वही:
मीही आखायला सांगत नाहीये. अवस्था बघायच्या त्या पहिला खर्डा झाल्यावर.

पहिली_ओळ:
मनापासून आभार. मुलगा भंगारवाल्याला घेऊन दारात येतो, तिथूनच सुरू करते, आणि सांगणाराही तोच. उद्या दळण न्यायचंच आहे, तेव्हा टाकी लावायला किती वेळ लागतो आणि ते काम कोण करतं, हे गिरणीवाल्या काकांनाच विचारून घेते.