मोरोक्कोतले चौदा दिवस: तुमचे अनुभव सांगा

येत्या ऑक्टोबरात आम्ही तिघं दोन आठवडे मोरोक्कोला निघालोय: मी, नवरा आणि सासूबाई. त्यांचं वय ६६, गुडघे थोडे कुरकुरतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. वाळवंट बघायची इच्छा मूळची त्यांचीच. मुंबईहून आखातात विमान बदलून कासाब्लांकाला उतरायचं. ई-व्हिसाची कागदपत्रं जमवतेय.

माझा आराखडा असा: कासाब्लांका १ रात्र, रबात १, शेफशावन २, फेस २, मर्झूगा १, दादेस खोरं १, वर्झाझात १, मराकेश २, एसाविरा १, अगादीर १, परत कासाब्लांका १. बेरीज बरोबर चौदा येते. तरी रात्री झोपताना वाटत राहतं की यात काहीतरी चुकतंय. जे जाऊन आलात त्यांनी मोकळेपणी लिहा. कुठे थांबल्याचं समाधान वाटलं, कुठे दिवस फुकट गेला, पोटाचे काय हाल झाले, सगळं चालेल. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

पुणे. मे महिना, चौघं, भाड्याची गाडी

ताई, तुमचा कागद वाचला आणि आमचा पहिला कागद डोळ्यांपुढे आला. अकरा मुक्काम म्हणजे अकरा वेळा बॅग भरणं. शिवाय जुन्या शहरांत गाडी दारापर्यंत जात नाही. वेशीपाशी उतरायचं आणि सामान हातगाडीवाल्याकडे देऊन चालत रियादपर्यंत, म्हणजे जुन्या वाड्यातल्या मुक्कामाच्या घरापर्यंत, जायचं. हे दर एक-दोन दिवसांनी केलंत तर सासूबाई चौथ्या दिवशी थकतील.

खरा प्रश्न अंतरांचा आहे. फेस ते मर्झूगा नकाशावर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास दिसतं. आपण म्हणतो, पुणे-नागपूरपेक्षा कमीच की! पण मध्ये अॅटलासच्या रांगा आडव्या येतात. जेवण, चहा धरून आम्हाला साडेनऊ तास लागले. आणि तो रस्ता नुसता कापून टाकण्यासारखा नाहीच. अझरूजवळ देवदाराचं जंगल आहे, माकडं अगदी रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. मिदेल्तच्या आसपास सफरचंदाच्या बागा लागतात. मग एका वळणावर झीझचं खोरं उघडतं आणि उघड्याबोडक्या तांबड्या डोंगरांमध्ये खजुरांचा हिरवा पट्टा दिसतो, किलोमीटरच्या किलोमीटर. आम्ही तिथे गाडी थांबवली ती अर्धा तास हललो नाही. मिदेल्तला एक रात्र काढा. दिवसाचे दोन तुकडे होतात आणि वाळवंटात माणूस ताजातवाना पोचतो.

अगादीर मात्र काढा. १९६० च्या भूकंपात ते शहर कोसळलं आणि नंतर नव्यानं वसवलं गेलं. किनारा लांबलचक आणि छान आहे, पण तुम्ही ज्यासाठी मोरोक्कोला चालला आहात ते तिथे सापडणार नाही. समुद्रासाठी एसाविरा पुरेसं आहे.

डोंबिवली. मार्च, मी आणि माझी बहीण

फेसला दोन रात्री फार कमी. आम्ही तीन दिवस राहिलो आणि तरी निघताना जीव अडकला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बाब बूजलूदमधून आत शिरलो. ही ती निळी कमान, बाहेरून निळी आणि शहराच्या बाजूनं हिरवी. आत गेलं की दोन मुख्य वाटा उताराला लागतात, तला कबीरा आणि तला स्गीरा, म्हणजे थोरली आणि धाकटी. गल्ली इतकी अरुंद की समोरून लादलेलं खेचर आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. मागून आरोळी आली, "बालक! बालक!" बहिणीनं दचकून मागे पाहिलं, तिला वाटलं कुणाचं मूल हरवलं. तो खेचरवाला होता. तिकडच्या अरबीत 'बालक' म्हणजे सांभाळा, बाजूला व्हा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो शब्द कानावर पडला की आमचे पाय आपोआप कडेला जायला लागले.

चामडं कमावायचे हौद गच्चीवरून बघायला मिळतात आणि गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या असतात. वर जाताना हातात पुदिन्याची जुडी देतात, ती नाकाशी धरायची. खाली चुन्याचे पांढरे हौद, शेजारी रंगांचे. कातडी मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यातल्या अमोनियामुळे कातडं नरम पडतं. वास डोक्यात जातो. पण मांडीपर्यंत त्या पाण्यात उभे राहून दिवसभर कातडी तुडवणारे लोक बघितल्यावर मला नाकाशी पुदिना धरायची लाज वाटली. तिथून मी पर्स घेतली आणि घासाघीस करायचं मनात आलं नाही. उलट एका दुसऱ्या दुकानात 'बघा नुसतं' म्हणत चौथ्या मजल्यापर्यंत नेलं आणि काही न घेता उतरताना चांगलेच शब्द ऐकवले. आधीच ठरवून जा, घ्यायचंय की नाही.

करावियीन मशिदीच्या दारातून आतला चौक दिसतो. मुस्लिम नसलेल्यांना आत सोडत नाहीत, मोरोक्कोत जवळपास सगळ्याच मशिदींत हा नियम आहे. सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं ती बांधवली अशी परंपरा आहे, आणि पुढे तिथे विद्यापीठ उभं राहिलं. आम्ही दोघी त्या उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभ्या होतो. पाय निघत नव्हता.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. सकाळी निळ्या कमानीपासून उतरत जा आणि चढून परत येऊ नका. खाली र्सीफ चौकात लाल छोट्या टॅक्सी मिळतात, त्या पुन्हा वर आणून सोडतात. छोट्या टॅक्सीत तिघंच बसू शकतात, तुम्ही बरोबर तिघं आहात. मीटर सुरू करायला सांगायचं.

आणि "पुढे रस्ता बंद आहे, माझ्यामागे या" म्हणणारी मुलं भेटतील. रस्ता बंद नसतो.

(धागाकर्ती)

र्सीफ चौक लिहून घेतला. अगादीर आताच खोडलं. जेवणाबद्दल कुणी सांगेल का? सासूबाई म्हणतात, भाजणी नेऊ, थालीपीठ कुठेही लावता येतं. पण रियादमध्ये स्वयंपाकघर मिळेलच असं नाही.

सांगली. नोव्हेंबर, आई-बाबांसोबत

आमची आई माळकरी. कांदा-लसूण खाते, बाकी काही नाही. तिचे तेरा दिवस तिथे चांगले गेले, पण त्यासाठी आम्हाला डोळे उघडे ठेवावे लागले.

पहिली गोष्ट, 'भाज्यांचा कुसकुस' (कुसकुस म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे) मागितला की वर सात भाज्या येतात, पण त्या बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजलेल्या असतात. हरीरा नावाचं सूप दिसायला टोमॅटो, मसूर, हरभऱ्याचं, आणि त्यातही मांसाचे तुकडे असू शकतात. त्यांच्या लेखी मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं शाकाहारी. यात फसवणूक नाही, फक्त कल्पना वेगळी. म्हणून रश्शाबद्दल वेगळं विचारायचं. "ब्ला ल्हम, ब्ला द्जाज, ब्ला हूत", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. आईनं हे पाठ केलं होतं आणि ती स्वतः सांगायची. ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच खुलायचा.

दुसरी गोष्ट, आपल्या जिभेला ओळखीचं खूप काही सापडतं. झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं भरीतच, लसूण-जिरं घातलेलं. बिसारा हे सुक्या बाकल्याचं, म्हणजे वालासारख्या कडधान्याचं, घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. थंडीच्या सकाळी कामावर निघालेली माणसं टपरीवर तेच खातात. म्समेन ही चौकोनी घडीची पोळी, मधासोबत. बग्रीरला आपल्या आंबोळीसारखी जाळी पडते. न्याहारीला तर प्रश्नच नाही. ताजीनमध्ये, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या रश्शात, मुरलेलं लिंबू लागलं तेव्हा बाबा म्हणाले, हे आपल्या आजीच्या बरणीतलं. भाजणी न्याच, पण बहुतेक परत आणाल. मेतकूट मात्र उपयोगी पडलं.

पुदिन्याच्या चहात साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

माद्रिद. चार वेळा गेलोय

मी कामासाठी स्पेनमध्ये असतो. तारिफाहून बोटीत बसलं की तासाभरात तांजिर. तुमच्या वाटेवर ते नाही, तरी ज्यांना युरोपातून जायचंय त्यांच्यासाठी लिहितो. तांजिरहून कासाब्लांकाला अल-बुराक ही वेगवान रेल्वे आहे, २०१८ पासून. ताशी ३२० किलोमीटर वेग, सव्वादोन तासांच्या आत पोचवते.

तांजिरच्या जुन्या वस्तीत एका वळणावर इब्न बतूताची म्हणून दाखवतात ती छोटीशी कबर आहे. १३०४ मध्ये याच गावात जन्मलेला हा माणूस एकविसाव्या वर्षी घरातून निघाला आणि फिरत फिरत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. आपल्या दौलताबादला येऊन गेला, तिथल्या कोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांबद्दल लिहून गेला, नंदुरबारचाही उल्लेख करून गेला. मी मूळचा संभाजीनगरचा. लहानपणी सहलीला ज्या किल्ल्यावर चढलो, त्याबद्दल सातशे वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस इथल्या गल्लीतला होता, हे कबरीपाशी उभं राहिल्यावर मनाला भिडलं.

रेल्वेबद्दल एवढंच: कासाब्लांका, रबात, मक्नास, फेस, मराकेश जोडलेली आहेत आणि गाड्या चांगल्या आहेत. शेफशावन, मर्झूगा, एसाविरा यांना रेल्वे नाही, तिथे बस किंवा गाडी.

नागपूर. डिसेंबर, कुटुंब

शेफशावन मी काढून टाकीन. निळ्या भिंती सुंदर आहेत, पण उभ्या चढणीच्या पायऱ्या आणि सगळीकडे फोटोच्या रांगा. तेवढ्यासाठी दोन रात्री आणि रीफ डोंगरातला येण्याजाण्याचा प्रवास.

रत्नागिरी. एप्रिल, एकटी

नागपूरकरांशी मी सहमत नाही. शेफशावनला दुपारी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना रांगाच दिसणार. सकाळी सातला रास अल-मा झऱ्यापाशी बायका कपडे धुवायला येतात, भाकरीच्या भट्टीचा वास सुटलेला असतो, फोटोवाला एकही नसतो. एकटी फिरताना मला सगळ्यात निवांत वाटलं ते इथे आणि एसाविरात. मराकेशच्या बाजारात सतत हाका, "शाहरुख खान! अमिताभ!" त्या प्रेमानंच मारतात, पण दिवसभर उत्तर देत राहणं थकवतं. मान हलवून, "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणून चालत राहायचं. जमा अल-फनाच्या चौकात मेंदी घेऊन बसलेल्या बायकांपासून हात सांभाळा. विचारायच्या आधी नक्षी सुरू होते आणि मग पैसे मागतात.

एसाविराचा वारा वेगळाच. मी कोकणातली, समुद्राची सवय आहे, पण हा वारा अंगावरची ओढणी ठेवत नाही. तटावर तोफा, खाली निळ्या होड्या, बंदरात जाळी शिवत बसलेली माणसं. मिरकरवाडा आठवला. पोहायचा बेत मात्र ठेवू नका.

दुबई. रमजानमध्ये गेलो होतो

ऑक्टोबरवाल्यांना हे लागू नाही, पण वसंतात जाणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. मोरोक्कोचं घड्याळ २०१८ पासून वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे असतं आणि फक्त रमजानमध्ये तास मागे जातं. म्हणजे एरवी भारताशी साडेचार तासांचा फरक, रमजानात साडेपाच. आमची बस यामुळे चुकता चुकता राहिली. दिवसा बरीच हॉटेलं बंद. पण सूर्यास्ताच्या वेळी मराकेशच्या बसस्थानकावर शेजारच्या आजोबांनी आपल्या डब्यातले खजूर आणि उकडलेलं अंडं आमच्या हातावर ठेवलं. स्वतः दिवसभराचे उपाशी, आणि पहिला घास आम्हाला.

ठाणे. ऑक्टोबर, सासरे ७१ वर्षांचे

ताई, वाळवंटाबद्दल मी सांगते, कारण आमची परिस्थिती तुमच्यासारखीच होती.

मर्झूगाला दोन रात्री ठेवा. एका रात्रीत काय होतं, तुम्ही संध्याकाळी पोचता, घाईनं उंटावर चढता, अंधार होतो, जेवता, झोपता, पहाटे उठून पुन्हा गाडीत. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. बसताना आधी पुढचे पाय दुमडतो, तेव्हाही माणूस पुढेच झुकतो. कंबर आणि गुडघे दुखत असतील तर हा धक्का नको. तंबूंपर्यंत जीपही जाते, आम्ही सासऱ्यांना तसंच पाठवलं. आधी विचारून घ्या, बुकिंग करतानाच.

वाळूच्या टेकड्या तिथे दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. सासरे वर चढले नाहीत. खालीच चटईवर बसून त्यांनी सूर्यास्त बघितला आणि रात्री गाद्या बाहेर टाकायला लावल्या. ऑक्टोबरात दिवसा टोपी आणि रात्री स्वेटर, दोन्ही लागतं. आकाशगंगा इतकी ठळक होती की ते म्हणाले, लहानपणी गावाकडे खळ्यावर झोपायचो तेव्हा अशी दिसायची. त्यांनी मला त्या रात्री जे काही सांगितलं, ते आठ वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं. दुसरी रात्र नसती तर ते घडलं नसतं. पहिल्या रात्री सगळे नुसते दमून झोपलो होतो.

तंबूवाल्यांना शाकाहाराचं आदल्या दिवशी कळवा. वाळूत ऐन वेळी भाजी मिळत नाही.

(धागाकर्ती)

काल रात्री तिघांनी बसून नवा कागद केला. कासाब्लांका १, फेस ३, मिदेल्त १, मर्झूगा २, दादेस १, मराकेश ३, एसाविरा २, शेवटी कासाब्लांका १. शेफशावन गेलं, रत्नागिरीच्या ताई, वाईट वाटलं. रबातही गेलं. आयत बेनहद्दू हे मातीच्या घरांचं जुनं तटबंद गाव दादेसहून मराकेशला जाताना बघू.

पुणे, पुन्हा

आता जमलं. फक्त तो दादेस-मराकेश दिवस लांब आहे. तिझी न तिश्काचा घाट २,२६० मीटरवर आहे आणि वळणं भरपूर. सकाळी सातला निघा, अंधारात घाट नको. मळमळीची गोळी जवळ ठेवा.

वसई. २०१९, दोघं

उशिरा वाचलं, पण तुमच्या शेवटच्या रात्रीबद्दल सुचवतो. एसाविराहून कासाब्लांकाला किनाऱ्यानं आलात तर वाटेत अल-जदीदा लागतं, कासाब्लांकाच्या अलीकडे शंभर किलोमीटरवर. पोर्तुगीज त्याला माझागाव म्हणत. आमचं घर वसईच्या किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तिथल्या तटावर पाय ठेवताच बायको म्हणाली, हे तर आपलंच. तोच जाड तट, तसेच समुद्राकडे रोखलेले बुरूज. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, आणि पोर्तुगीजांनी माझागाव सोडलं ते बरोबर तीस वर्षांनी, १७६९ मध्ये. तिथल्या रहिवाशांना आधी लिस्बनला आणि मग ब्राझीलमध्ये नेऊन वसवलं.

किल्ल्यात जमिनीखाली पाण्याचं टाकं आहे. खांबांची रांग, वर कमानी, आणि छताच्या मधोमध एक गोल भोक. त्यातून उजेड खाली पडतो आणि जमिनीवरच्या बोटभर पाण्यात सगळं छत उलटं दिसतं. जाण्याआधी ते उघडं आहे का, एवढं एसाविरातूनच विचारून घ्या. उरलेले दिरहम विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधी बदला, भारतात कुणी घेत नाही.