मे महिन्यात सोलर पंपाला दोष देण्याआधी

औशाचा_शेतकरी: एप्रिल-मे आला की एकच ओरड. ऊन एवढं कडक, तरी पंपाला फेब्रुवारीपेक्षा पाणी कमी, म्हणजे पॅनल डुप्लिकेट! माझ्या मते पॅनलवर हे बालंट आहे. पॅनलला ऊन हवं ते उजेडासाठी, उष्णता त्याची वैरीण. पॅनलवर छापलेले वॅट मोजतात सेल (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) २५ अंशांवर ठेवून, चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश पाडून. लातूरकडं हवा ४२ वर गेली की पॅनल ६५च्या पुढं तापतो. सेल तापला की व्होल्टेज उतरतं. करंट किंचित वाढतो, पण तेवढ्यानं भागत नाही. सिलिकॉनचा पॅनल अंशामागं साधारण ०.४ टक्के ताकद गमावतो. ४० अंश चढले की १६ टक्के गेले.

परभणीकर: १६ टक्के मान्य. पण आमची धार निम्म्यावर आली, त्याचं काय? मे महिन्यात दिवस मोठा, सूर्य डोक्यावर. फिजिक्स सांगून एजंटला सोडवू नका भाऊ.

औशाचा_शेतकरी: पाणी किती फुटांवर गेलंय ते बघितलं का? १०० फुटांवरचं २०० वर गेलं की तेवढ्याच विजेत पाणी निम्मंच चढणार. वर काचेवर धूळ.

पाटोद्याच्या_माळावरून: सोलरचं कौतुक पुरे. आमच्या बीडच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट, रात्रीही चालतं.

औशाचा_शेतकरी: आणि वेग निम्म्यावर आला की आठवा हिस्सा, तेही सांगा की! शिवाय पंख्याला सगळी ताकद काढताच येत नाही, नाहीतर हवा पुढं सरकणारच नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के, जर्मन शास्त्रज्ञ बेट्झनं १९१९ मध्येच मांडलंय. खरा जोर जून ते ऑगस्ट, तेव्हा पाऊस बरा असला तर पंप बंदच असतो.

पाटोद्याच्या_माळावरून: पाऊस बरा असला तर! मराठवाड्यात राहता ना राव?

परभणीकर: वारा राहू द्या. पाण्याच्या खोलीवर एवढं अवलंबून असेल, तर पंप देताना नुसतं ‘५ एचपी’ का सांगतात? मे महिन्यातल्या पातळीला तासाला किती लिटर, हे लिहून द्या. तोवर दोष पंप देणाऱ्याचाच.

औशाचा_शेतकरी: हे लिहून मागा, मी सही करतो. आणि पॅनल सकाळी धुवा; भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.