आजारी जोडीदाराची सेवा करताना प्रभूचा आनंद कुठे भेटला? आपले अनुभव लिहा

नगरहून लिहिते आहे. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. आमच्या मंडळीत आणखी तिघी-चौघींच्या घरी अशीच मोठी दुखणी आहेत. रविवारी उपासना सुटली की आम्ही गोळ्यांचं बोलतो, बिलांचं बोलतो, रात्रीच्या जागरणाचं बोलतो. आनंद हा शब्द मात्र कोणी काढत नाही, आजाऱ्याच्या घरात तो काढणं बरं दिसत नाही म्हणून असेल. मला तो काढायचा आहे. नवऱ्याचं किंवा बायकोचं दुखणं काढताना तुम्हाला आनंद मिळाला असेल, त्यात प्रभूचा हात दिसला असेल, तर लिहा. वचनं आपल्याला पाठ आहेत, मला हवंय ते घरात काय घडलं ते. आनंद मिळाला नसेल तर तेही लिहा, कोणी तुम्हाला उपदेश करणार नाही.

आधी माझं सांगते.

ह्यांचे पाय उंबऱ्याशी चिकटतात. मोकळ्या खोलीत बरे चालतात, पण दार आलं की पाऊल उचलतच नाही. डॉक्टर त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. ओढलं तर तोल जातो, घाई केली तर आणखी अडतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी दोन उपाय सांगितले. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या आणि चालताना ठेका द्यायचा. पट्ट्या लावल्या. ठेका काही मला जमेना, ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणताना शाळेच्या कवायतीसारखं वाटायचं आणि ह्यांनाही ते आवडायचं नाही.

एका पहाटे हे न्हाणीच्या दारात असे अडकले की गुडघे लटलटायला लागले. घरात मी एकटी. घाबरून मी टाळ्या वाजवत आमचं नेहमीचं भजन सुरू केलं, अभंगाच्या चालीचं. ह्यांनी चाळीस वर्षं चर्चमध्ये भजनाला तबला धरलाय. दुसऱ्या ओळीला उजवी टाच उचलली आणि बरोबर समेवर पाऊल उंबऱ्यापलीकडे पडलं. पलीकडे गेल्यावर मला म्हणाले, ‘लय वाढवू नकोस.’ आवाज अगदी बारीक. ह्या आजारात चेहरा हसत नाही, स्नायू ताठ होतात. पण नऊ वर्षांनंतर डोळ्यांतलं हसू मला ओळखता येतं. न्हाणीच्या दारात, ओल्या परकरावर उभी राहून मी खूप हसले, मग खूप रडले.

पौलाने फिलिप्पैकरांना ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असं लिहिलं ते तुरुंगात असताना. संडे स्कूलमध्ये मी हे मुलांना कितीदा शिकवलंय. सुटका झाल्यावर आनंद करा, असं त्याने लिहिलं नव्हतं, हे मला त्या दारात समजलं.

आता जेवणाआधीचा अर्धा तास आमचा असतो. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते, कारण डाळ, अंडं, दूध ह्यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. पूर्वी ताट झाकून मी घड्याळ बघत बसायची. आता एक स्तोत्र वाचते, आणि हे टेबलावर बोटांनी ठेका धरतात. थरथर कुठली आणि ठेका कुठला, ते मला कळतं.

वसई, निर्मळजवळ. वय ६८

ताई, वाचून गलबलून आलं. माझ्या बायकोला चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही. पाणी हवं असलं की ‘दार’ म्हणते, चूक लगेच कळते आणि रडते. पहिले दोन महिने माझं नावसुद्धा तिच्या तोंडून आलं नाही.

आमच्याकडे संध्याकाळी घरात जपमाळ म्हणतात. एकाने ‘नमो मारिया’चा पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी पुढचा. त्या दिवशी मुलं बाहेर गेलेली. मी पहिला भाग म्हटला आणि सवयीने थांबलो. आणि तिने पुढचा म्हटला. अख्खा, कुठेही न अडखळता. माझ्या हातातली माळ खाली पडली. ती घाबरली, मला काही झालं असं तिला वाटलं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे ह्यांची मेंदूतली वाट निराळी असते, ती शाबूत राहते. कारण कळलं म्हणून माझा आनंद उणा झाला नाही. तिच्या आईने ओट्यावर बसवून जे पाठ करून घेतलं होतं, ते साठ वर्षांनी तिच्या कामी आलं. आता पाणी, चहा, पंखा असे छोटे शब्दही आम्ही सुरात म्हणतो. काही येतात, काही येत नाहीत.

११ फेब्रुवारीला लूर्द मातेच्या सणाला आजाऱ्यांसाठी मिस्सा असते. आजाऱ्यांचा तो जागतिक दिवस पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली ठरवून दिला. तुमच्या मिस्टरांचंच दुखणं त्यांनाही होतं, २००५ साली जाईपर्यंत त्यांचे थरथरते हात साऱ्या जगाने पाहिले. गेल्या वर्षी रुग्णाभ्यंगाच्या, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या वेळी फादर तेल घेऊन आले तेव्हा हिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा, लुळा हात उचलून पुढे केला. आधी तो हात ती पदराखाली लपवायची.

श्रीरामपूर तालुका. वय ४४

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं म्हणून निभतं, पण एसटीचा खर्च आणि मजुरी बुडते ती वेगळीच. पाणी मोजून. सकाळी मी एक बाटली भरून ठेवते, दिवसभराचं चहा, पाणी, गोळ्या सगळं त्यात. मे महिन्यात तहानेने माणूस कसा होतो ते मी पाहिलंय. भाजीसुद्धा उकडून पाणी फेकायची, मग फोडणी द्यायची. चव राहत नाही. आता मीही तीच खाते.

त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला धमनी आणि शीर जोडून दिलेली जागा. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर तपासायची असते, मांजर गुरगुरल्यासारखी लागते. थरथर बंद पडली तर ताबडतोब दवाखाना. सुरुवातीला मी भीतभीत बोटं ठेवायची. आता बोटं तिथे ठेवूनच सकाळची प्रार्थना करते. थरथर लागली की ‘आमेन’ म्हणते, तेही म्हणतात. दिवसातली हीच एक वेळ अशी, की मी पैशाचा विचार करत नाही.

दर सप्टेंबरात आम्ही हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या यात्रेला चालत जायचो. आता दूरचं चालणं होत नाही. मागच्या यात्रेला दिरांनी मोटरसायकलवर नेलं. ह्यांनी मेणबत्ती लावली आणि बरं होण्याचं काहीच मागितलं नाही. ‘हिची पाठ दुखते, तेवढी बघ’ म्हणाले. मी मागे उभी होते, मला ऐकू आलं.

पुणे. वय ३८

मी लिहू की नको असं झालं होतं, पण ‘आनंद मिळाला नसेल तर तेही लिहा’ हे वाचलं.

माझ्या नवऱ्याचा अपघात होऊन तीन वर्षं झाली. मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. एका प्रार्थनासभेत वक्त्यांनी सगळ्यांसमोर त्याला उठायला सांगितलं. तो उठू शकला नाही. नंतर एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतो. त्यानंतर वर्षभर मी बायबल उघडलं नाही. अजूनही ते वाक्य आठवलं की अंग थरथरतं. कृपा करून हे कोणाला म्हणू नका.

बेडसोअर होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. अंगाखालची चादर धरून मी ओढते, तो हातांनी जोर लावतो. दोन वाजता, चार वाजता गजर. मी देवाशी भांडले ते ह्याच वेळी. मोठ्याने नाही, मुलगी झोपलेली असते.

एकदा दोनच्या गजराला उठले तर तो जागाच होता. म्हणाला, भूक लागलीय. आम्ही अंधारात चिवडा खाल्ला, कुरकुर आवाज होऊ नये म्हणून एकेक पोहा. लग्नाआधी संभाजी बागेत भेळ खायचो तसं वाटलं. मी ह्याला देवाचा चमत्कार म्हणणार नाही. पण त्या रात्रीनंतर मी पुन्हा त्याच्याशी बोलते, देवाशी म्हणतेय मी. भांडण मिटलेलं नाही.

कोल्हापूर. वय ७४

मधुमेहाने हिची दृष्टी गेली. पवित्र शास्त्र ती वाचायची, मी ऐकायचो, ऐकता ऐकता झोपायचो. आता मी वाचतो. ती मटार सोलत ऐकते आणि मी शब्द चुकलो की थांबवते. यशया सगळा वाचून झाला, त्यातल्या चुका तिने मोजल्या आहेत, आकडा मला सांगत नाही. लग्नाला पन्नास वर्षं होतील, इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

मिरज

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. कॅन्सर होता. पुण्याच्या ताईंना एवढंच सांगायचंय, त्या काळात मला देवाची वाणी वगैरे काही ऐकू आली नाही. आमच्या महिला मंडळातली एक बाई दर गुरुवारी दोन तास येऊन ह्यांच्यापाशी बसायची आणि मला झोपायला पाठवायची. प्रार्थनासुद्धा मोठ्याने करायची नाही. स्वेटर विणत बसायची. तिचं ते येणं हेच माझ्या प्रार्थनेचं उत्तर होतं, असं मी मानते.

आता गुरुवारी मी जाते, दोन गल्ल्या सोडून एका घरी. विणकाम मला येत नाही, मी लसूण सोलून देते. मिरज-सांगलीत कोणाला गरज असेल तर इथे सांगा. मला मंगळवारही मोकळा आहे.

नगर

पुण्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. भांडण मिटवायची घाई करू नका, स्तोत्रांमध्येही ते पानोपानी आहे.

आज दुपारी गोळीनंतरच्या अर्ध्या तासात स्तोत्राऐवजी मी ह्यांना तुम्हा सगळ्यांचं वाचून दाखवलं. वसईच्या दादांचं ऐकताना बोटांचा ठेका थांबला. मग बऱ्याच वेळाने, मला कान तोंडाशी न्यावा लागला इतक्या हळू, म्हणाले, ‘विचार त्यांना, पाणी कुठल्या सुरात म्हणतात?’

दादा, सांगाल का?